फौंड्री शॉपमधल्या खुर्च्या

त्या कॉलेजातल्या माझ्या पहिल्या तासाला मी कापडी पिशवीतून बिडाचा तवा नेला होता. सोबत स्टीलची एक वाटी, सांडशी आणि माळ्यावर पडून असलेला जुना पितळी नळ. विषय मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेसेस, वर्ग मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाचा. विभागप्रमुखांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "पहिल्या तासाला सिलॅबस सांगा, कुठल्या युनिटला किती मार्क ते सांगा आणि सोडून द्या. पोरं नाहीतरी बसत नाहीत."

कॉलेजच्या जगात मी नवी होते. त्याआधीची माझी सगळी नोकरी हडपसरच्या एका फौंड्रीत झाली. लोखंड वितळवून पंपांचे आणि इंजिनांचे भाग ओतणारा तो कारखाना, आणि भट्टीच्या बाजूला काम करणारी मी एकटीच बाई. नव्वदच्या दशकात बाहेरचा माल स्वस्तात यायला लागला, आमच्या ऑर्डरी आटल्या, आणि ओतकामापेक्षा कारखान्याखालची जमीन जास्त कमावते हे मालकांच्या ध्यानात आलं. कारखाना बंद पडला. तिथे काचेची इमारत उभी राहिली. बस त्या रस्त्याने गेली की मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायचे. मग एका विनाअनुदानित कॉलेजची जाहिरात आली, मुलाखत झाली, आणि प्राचार्य म्हणाले, "आपला इंडस्ट्रीचा अनुभव आमच्या मुलांना फार उपयोगी पडेल." मी त्यावर विश्वास ठेवला.

तर तो पहिला तास. मी चारही वस्तू टेबलावर मांडल्या आणि विचारलं, "यातलं काय कसं बनलं असेल?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आज रेसिपी कुठली?"

वर्ग हसला. फौंड्रीत मी याहून वाईट ऐकलं होतं. मी तवा उचलला, मागच्या बाकापर्यंत गेले आणि तो पालथा करून त्या मुलाच्या हातात दिला.

"हात फिरव. काय लागतंय?"

"खरखरीत आहे."

"कशामुळे?"

त्याने तवा उलटसुलट करून पाहिला. मी म्हणाले, "वाळूमुळे. दाबून बसवलेल्या वाळूत तव्याच्या आकाराची पोकळी केली, तिच्यात पातळ झालेलं लोखंड ओतलं. थंड झाल्यावर तवा निघाला, पण वाळूच्या कणांची खूण अंगावर राहिली." मग वाटी फिरवली. तिला कुठेही सांधा नव्हता, कारण पत्र्याची एक गोल चकती साच्यात दाबून ती केली होती. सांडशीचे दोन पाय एका रिव्हेटने जोडलेले होते. नळाचे आटे कापून काढलेले होते. "ओतणं, दाबणं, जोडणं, कापणं," मी म्हणाले, "वर्षभर आपण एवढंच शिकणार आहोत. घरातली धातूची कुठलीही वस्तू उचला, यांतल्या एका तरी वाटेने ती आलेली असते."

पहिल्या बाकावर घट्ट वेणी घातलेली एक मुलगी नळाचे आटे नखाने चाचपून बघत होती. मला बरं वाटलं. तेवढ्यात खिडकीशी बसलेला एक उंच मुलगा उभा राहिला. तो अमरावतीकडचा होता, इथे खोली घेऊन राहायचा.

"मॅडम, एक डाउट आहे. कॅम्पसला हे विचारतात का?"

"म्हणजे?"

"म्हणजे कॅम्पसला सगळ्या सॉफ्टवेअर कंपन्याच येतात. ॲप्टिट्यूड घेतात आणि इंग्लिश बघतात, बस. कॉम्प्युटरला ॲडमिशन नाही मिळाली म्हणून आम्ही मेकॅनिकलला आहोत. तर हे पास होण्यापुरतं करायचं, की पूर्ण करायचं?"

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. बसचा नंबर विचारावा तसं त्याने विचारलं होतं. म्हणूनच माझं डोकं जास्त तापलं. त्याच्यावर चिडायला जागाच नव्हती. मी वस्तू पिशवीत भरल्या आणि म्हणाले, "चला सगळे वर्कशॉपला."

वर्कशॉप मागच्या बाजूला होतं. वर पत्र्याचं छप्पर, आत लोखंड कातायच्या लेथची एक रांग, त्यांतला एक चालू आणि बाकीच्यांवर ताडपत्री. टोकाच्या दारावर पाटी होती, 'फौंड्री शॉप'. दाराला कुलूप. किल्ली ऑफिसात असते, असं वर्कशॉपच्या इन्स्ट्रक्टरांनी सांगितलं. मी खिडकीच्या काचेवरची धूळ पुसून आत पाहिलं. भट्टी नव्हती, वाळू नव्हती. छतापर्यंत प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून रचून ठेवल्या होत्या.

"गॅदरिंगला लागतात," इन्स्ट्रक्टर म्हणाले.

"आणि ओतकामाचं प्रॅक्टिकल?"

"ते जर्नलमध्ये आकृती काढून होतं."

मी मुलांकडे वळले. "पहिल्या वर्षी फिटिंगचा जॉब केलात ना? लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचा?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी वेणीवाली मुलगी म्हणाली, "विकत आणला, मॅडम. स्वारगेटच्या मागे एक दुकान आहे, तिथे तयार मिळतात."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनीच. रोल नंबर पण कोरून देतात."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. हात घाण न करता इंजिनिअर व्हायची सोय या शहराने किती नीटनेटकी लावून दिली होती. मुलांना त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. त्यांच्या मोठ्या भावंडांनीही जॉब तिथूनच आणले होते.

त्याच दुपारी मी प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य अतिशय नम्र होते. मी बोलून होईपर्यंत त्यांनी चहा मागवला, कप माझ्यापुढे सरकवला.

"अहो मॅडम, आपण फार मनाला लावून घेता."

"सर, ही मुलं इंजिनिअर होणार आहेत."

"ही मुलं नोकरीला लागणार आहेत. दोन्हींत फरक आहे, आणि पालक आपल्याकडे दुसऱ्यासाठी येतात."

"मग पाटी तरी काढा. खुर्च्यांची खोली म्हणा."

ते हसले. "पुढच्या महिन्यात मान्यतेची समिती येतेय. ती येऊन गेली की भट्टीचं बघू."

तो महिना मी फळ्यावर शिकवला. भट्टीची आकृती, साच्याची आकृती, धातू आत शिरतो त्या वाटेची आकृती. पोहण्यावर व्याख्यान दिल्यासारखं वाटायचं. घरी येऊन मी भांडी आदळायचे. नवरा म्हणायचा, नोकरी आहे, नोकरीसारखी कर. मग त्याच्याशीही भांडण व्हायचं.

समिती यायच्या आदल्या दिवशी कॉलेजात ट्रक आला. त्यातून लेथ उतरले, एक ड्रिलिंग मशीन उतरलं, आणि एक छोटी भट्टीही. कुठल्यातरी ओळखीच्या कारखान्यातून दोन दिवसांसाठी आणलं होतं सगळं. खुर्च्या गच्चीवर गेल्या. फौंड्री शॉपमध्ये वाळूचा ढीग आला, बांधकामाची वाळू, जिचा साचा कधीच बसला नसता. सगळ्या यंत्रांना हिरवा रंग मारला गेला. संध्याकाळी मी एका लेथच्या मागे वाकून पाहिलं, तर मोटरची वायर नुसतीच लोंबत होती. प्लगच नव्हता.

विभागप्रमुखांनी मला सांगितलं, "उद्या मुलांना एप्रन घालून मशीनपाशी उभं करा. विचारलं तर प्रॅक्टिकल नियमित होतात म्हणायचं. तुमच्या तोंडून ते खरं वाटेल, इंडस्ट्रीतल्या आहात."

मला कशासाठी घेतलं होतं ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघेजण, गळ्यात हार, मागे संस्थाचालक, प्राचार्य, विभागप्रमुख. समितीचे प्रमुख पिकल्या केसांचे, स्वतः कधीकाळी प्राध्यापक असलेले गृहस्थ. त्यांनी वेणीवाल्या मुलीला लेथचे भाग विचारले. तिने एकही न चुकता सांगितले. ते खूश झाले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय मॅडम, प्रॅक्टिकल होतात ना नियमित?"

प्राचार्यांची नजर माझ्यावर होती. मुलांचीही. मी काही ठरवून आले नव्हते.

"नाही, सर," मी म्हणाले. "ही यंत्रं काल ट्रकमधून आली. उद्या परत जातील. या लेथच्या मोटरला प्लग नाही, आपण मागे वाकून बघू शकता. ती वाळू ओतकामाची नाही. या मुलांनी अजून एकही जॉब स्वतः केलेला नाही."

प्रमुखांनी लेथवर बोट टेकवलं. रंग ओला होता, बोट हिरवं झालं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, बोट पुसलं, रुमालाची घडी घातली आणि परत खिशात ठेवला.

"चला," ते प्राचार्यांना म्हणाले, "चहा घेऊ."

बस, एवढंच झालं. ते गेले. मी आयुष्यात माणसांवर चिडले आहे, कारखान्यात ओरडलेही आहे, पण त्या रुमालाच्या घडीइतका राग मला कशाचा आला नाही. त्यांना दिसत नव्हतं असं नाही. त्यांना सगळं दिसलं होतं. दिसल्यावर काय करायचं हेही त्यांचं फार पूर्वीच ठरलेलं होतं.

पण मुलांना हे कुठे माहीत होतं? मॅडम बोलल्या, आता मान्यता जाणार, आपल्याला परीक्षेला बसू देणार नाहीत, अशी अफवा होस्टेलपासून कॅन्टीनपर्यंत पसरली. वर्ग माझ्याशी बोलेना. तिसऱ्या दिवशी स्टाफरूमबाहेर वेणीवाली मुलगी तिच्या वडिलांना घेऊन उभी होती. हडपसरच्या पलीकडचं त्यांचं गाव शहरात आलं होतं. वडील पांढऱ्या शर्टात, हातात गाडीची किल्ली.

"नमस्कार बाई," ते म्हणाले. "तुमी खरं बोलला, ते चुकीचं हाय असं मी म्हनत न्हाई. पन हिचं वरीस गेलं तर?"

"वर्ष जाणार नाही."

"हे तुमी सांगताय. कालेज सांगंल का?"

"आपली मुलगी न केलेल्या कामाचे मार्क घेऊन पास होते, ते आपल्याला चालतं का?"

ते मुलीकडे वळले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "व्हय गं?"

मुलगी लाल झाली, पण खाली बघितलं नाही. "हो. सगळेच करतात. पण मॅडम, आम्ही तुम्हाला आमच्याबद्दल बोला म्हणालो होतो का? सगळ्यांसमोर आम्हाला काही येत नाही म्हणालात. आधी वर्गात एकदा विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नका बोलू म्हणालो असतो."

"मग?"

"मग काही नाही. पण विचारायला हवं होतं."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि माझं मत बदललेलं नाही. मला खोटं बोलायला सांगितलं होतं, आणि ते मी बोलले नाही. त्याला वर्गाची परवानगी लागत नाही. पण ती मुलगी चिडली, हे मला आवडलं. त्या इमारतीत माझ्याशिवाय दुसरं कोणी चिडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"रविवारी मोकळी आहेस का?" मी तिला विचारलं.

माझ्याबरोबर फौंड्रीत असलेल्या एका इंजिनिअरने हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियम ओतण्याची छोटी शेड टाकली होती. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "या, पण माझ्या ऑर्डरच्या साच्यांना हात लावू देऊ नकोस." मी वर्गात जाऊन सांगितलं, रविवारी सकाळी ज्याला यायचं त्याने यावं, हजेरी नाही, मार्क नाहीत. कॉलेजची परवानगी मी मागितली नाही. मिळाली नसती.

थोडीच मुलं आली. वेणीवाली मुलगी वडिलांच्या मागे गाडीवर बसून आली, आणि वडील तिला सोडून परत जाण्याऐवजी तिथेच थांबले. अमरावतीचा मुलगाही आला. का आलास, विचारल्यावर म्हणाला, "रविवारी मेस बंद असते, मॅडम, टाइमपास."

सगळ्यांना बूट आणि चष्मे दिले. व्हॉल्व्हवर असतं तसं छोटं चाक करायचं होतं. लाकडी नमुना पेटीत ठेवून भोवती वाळू ठासायची, मग नमुना अलगद बाहेर काढायचा. ऐकताना सोपं वाटतं. कोणाचा काठ ढासळायचा, कोणाचा नमुना वाळू घेऊनच वर यायचा. अमरावतीच्या मुलाने वाळू नीट बसावी म्हणून तिच्यात जरा जास्तच पाणी घातलं. धोका होण्याइतकं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. भट्टीतून मूस निघाली, चांदीसारखा पातळ धातू साच्यांत गेला, आणि त्याच्या साच्यातून बुडबुडे यायला लागले. थंड झाल्यावर चाक बाहेर काढलं तर ते चाळणीसारखं भोकाभोकांचं.

तो खरोखर वैतागला. "एवढी मेहनत केली, मॅडम. हे असं का झालं?"

"पाण्याची वाफ झाली. तिला बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून ती धातूत अडकली."

"पुस्तकात गॅस पोरोसिटी म्हणून आहे, ते हेच का?"

"हेच."

त्याने ते चाक फेकलं नाही. बाजूला ठेवलं आणि कोणी न सांगता दुसरा साचा करायला बसला. दुसरं चाक चांगलं निघालं. वेणीवाल्या मुलीचं पहिल्याच खेपेला जमलं, पण तिला काठावरचा उंचवटा आवडला नाही. ती कानस मागून घेऊन दुपारपर्यंत घासत बसली. तिचे वडील इतका वेळ दाराशी उभे होते. शेवटी पुढे येऊन म्हणाले, "मला बी एक करू द्या की." त्यांनीही एक चाक ओतलं, वाकडंतिकडं, आणि रुमालात गुंडाळून घरी नेलं.

परतताना बसमध्ये मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण त्याखाली राग होताच. एक शेड, थोडी वाळू आणि एक रविवार, एवढंच लागत होतं. इतकी साधी गोष्ट त्या कॉलेजने वर्षानुवर्षं टाळली होती आणि त्याऐवजी रंगाचे डबे आणले होते.

त्याच आठवड्यात मान्यतेचं पत्र आलं. प्रयोगशाळा समाधानकारक, असं त्यात लिहिलं होतं. स्टाफला पेढे वाटले. मी घेतला नाही.

आणि त्याच आठवड्यात मुलीचे वडील प्राचार्यांना भेटायला गेले. तक्रार करायला नाही, कौतुक करायला. रविवारी पोरांनी काय सुंदर काम केलं ते सांगितलं, वर निरागसपणे विचारलं, "ही भट्टी आपल्या कालेजात का न्हाई?"

मला लगेच बोलावणं आलं. या वेळी चहा नव्हता.

"आपण पालकांना फितवताय."

"मी मुलांना ओतकाम दाखवलं."

"विनापरवानगी. एखाद्याच्या पायावर तो धातू सांडला असता तर आपण काय केलं असतंत?"

हा प्रश्न बरोबर होता. त्यांनी तो काळजीने विचारला असता तर मी चष्म्यांचं, बुटांचं सगळं सांगितलं असतं. त्यांना उत्तर नको होतं.

"पुढच्या सत्रापासून आपल्याकडचा हा विषय काढतोय," ते म्हणाले. "आपण कम्युनिकेशन स्किल्स घ्या. बोलता फार छान."

मी राजीनामा दिला. नवऱ्याशी होणारं भांडण त्यानंतर थांबलं. मुलीचे वडील घरी येऊन गेले. "माज्यामुळं झालं का, बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही. तुम्ही विचारलंत ते तिथल्या कोणीतरी आधीच विचारायला हवं होतं." ते अवघडून बसले, पाणी प्यायले आणि गेले.

ती मुलं पुढे बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये गेली. खराडीच्या कुठल्याशा इमारतीत अमरावतीचा मुलगा आहे, असं ऐकलं. वेणीवाल्या मुलीने साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या एका टूलरूममध्ये नोकरी धरली, वर्षभराने तीही सोडून सॉफ्टवेअरकडेच गेली. त्यांच्यावर माझा राग नाही. नोकरी सगळ्यांनाच लागते. राग आहे तो त्यांना चार वर्षं एका खोट्या पाटीखाली बसवणाऱ्यांवर. हा राग वयाने कमी होतो असं लोक सांगतात. माझा झालेला नाही.

मी नंतर एका तंत्रनिकेतनात तासांवर शिकवू लागले. पुढच्या वर्षी सत्र सुरू होताना मला फोन आला. त्या जुन्या कॉलेजात माझ्या जागी लागलेली नवी लेक्चरर होती, नुकतीच पास झालेली. हाच विषय तिला मिळाला होता.

"मॅडम, पहिल्या तासाला विषयाची ओळख कशी करून द्यायची, ते विचारायचं होतं."

मी बोलत सुटले. वस्तू हातात द्या, त्यांना हात फिरवू द्या, बाहेर कुठे शेड असेल तर घेऊन जा, जर्नलमधल्या आकृत्यांवर विसंबू नका. आवाज चढला होता, माझा मलाच ऐकू येत होता. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर ती हळूच म्हणाली, "मॅडम, मला खरं तर तुमच्या स्लाइड हव्या होत्या. उद्याच तास आहे."

माझ्याकडे स्लाइड नव्हत्या. मी तिला तसं सांगितलं. ती मग म्हणाली, "बरं, मी बघते काहीतरी," आणि तिने फोन ठेवला.